गाण्याचा सातबारा

मोहालीच्या सेक्टर ८१ला नॉलेज सिटी म्हणतात. या नावामुळे गावाकडे फार गैरसमज होतात. माझ्या चुलत सासूबाईंनी तर नातवाच्या ‘नीट’साठी इथली फी किती आणि हप्ते पडतात का, असं विचारलं होतं. प्रत्यक्षात इथे २००७ साली सुरू झालेली आयसर आहे, नॅनो विज्ञानाची संस्था आहे, शेती आणि अन्नाच्या जैवतंत्रज्ञानाची आहे, शिवाय मॅनेजमेंट शिकवणारी आयएसबी आहे. अणूपासून नफ्यापर्यंतचं सगळं ज्ञान एका सेक्टरात मावलंय. मराठी गाणं रीतसर पैसे मोजून, कायमचं आपलं म्हणून, कुठे मिळतं एवढं मात्र इथे कुणालाच सांगता येत नाही.

पंजाबी गाण्याची अडचण नाही. मोहाली ही पंजाबी गाण्यांची पेठच आहे. कंपन्या इथे, स्टुडिओ इथे, व्हिडिओत मिशीला पीळ देणारी मंडळीही इथल्याच जिममधली. संध्याकाळी एअरपोर्ट रोडला उभं राहिलं की ताजं गाणं ट्रॅक्टरवरून, जीपवरून, लस्सीच्या दुकानातून आपणहून चालत येतं. ऐकायला पैसे पडत नाहीत. ऐकायचं नसेल तर पडतात, कारण दुहेरी काचेच्या खिडक्या महाग आहेत.

मराठी गाणं असं वाऱ्यावर येत नाही. पुणं इथून दीड हजारांहून जास्त किलोमीटर. आपलं आकाशवाणी केंद्र लागत नाही, शेजारच्या घरातून भक्तिगीत ऐकू येत नाही, आणि रिक्षावाल्याला ‘जरा आवाज वाढवा’ म्हणावं तर ती विनंती तो फारच मनावर घेतो. तेव्हा इथला मराठी माणूस गाण्याच्या बाबतीत नाइलाजाने प्रामाणिक गिऱ्हाईक झालाय. त्याला पैसे द्यायचे आहेत. घेणाराही तयार आहे. घोडं अडतं ते मधल्या व्यवहारात.

इथल्या आम्हा मराठी घरांच्या गणपतीचंच बघा. टाळ आहेत, ढोलकी आहे, पण वाजवणाऱ्या सगळ्यांत मिळून ताल एकच, तोही उसना. म्हणून आरत्या स्पीकरवर. पहिल्या वर्षी फुकटचं ॲप होतं. गणपतीची आरती संपली, कापूर पेटला, शंकराची सुरू होणार तेवढ्यात एका बाईंनी अतिशय मधाळ आवाजात विनातारण कर्ज देऊ केलं. कागदपत्रं लागणार नाहीत, पाच मिनिटांत खात्यात पैसे. टाळ्या चालूच होत्या, त्यामुळे कर्जालाही आम्ही मनोभावे टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी वर्गणीत गाण्याचा खर्च धरला, जाहिरात नसलेलं ॲप घेतलं आणि सगळ्या आरत्या आधीच उतरवून ठेवल्या. हॉल तळघरात. नेटवर्क नाही. निरांजन हातात घेतलं आणि पडद्यावर सूचना आली की ऑफलाइन ऐकण्यासाठी कृपया ऑनलाइन या. आमच्यातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. तोवर सोलापूरच्या काकूंनी डोळे मिटून आरती सुरूसुद्धा केली होती. त्यांना लॉगिन लागत नाही.

प्रसादाच्या वेळी बँकेतल्या जळगावकर भाऊंनी उलगडा केला. अशा बऱ्याच ॲपांत उतरवलेल्या गाण्याला दर तीस दिवसांनी एकदा इंटरनेटला तोंड दाखवून यावं लागतं. वर्गणी भरलेली आहे ना, हे वर कुणीतरी तपासतं. हजेरी चुकली की गाणं फोनमध्येच राहतं, पण वाजत नाही.

चंडीगढच्या अंगणात राहणाऱ्याला हा प्रकार खरं तर नवा वाटू नये. ल कॉर्बुझिएने आखलेल्या त्या देखण्या शहरात हाउसिंग बोर्डाचे कितीतरी फ्लॅट आणि औद्योगिक भूखंड ९९ वर्षांच्या लीजवर आहेत. लोक पूर्ण किंमत मोजतात, वास्तुशांत करतात, दारावर नावाची पाटी लावतात, आणि मग गॅलरी बंद करायला गेले की कळतं, आपण मालक नसून फार जुने भाडेकरू आहोत. गाण्याचं तसंच. पण ९९ वर्षं पुष्कळ झाली हो! तेवढ्यात माणसाचं ऐकायचं वय सरतं. गाण्याच्या लीजवर मुदत लिहिलेलीच नसते. ती कंपनीच्या मनात असते.

हे माझं रडगाणं नाही, मुंबई उच्च न्यायालयाने तोललेली गोष्ट आहे. टिप्स ही गाण्यांची कंपनी विरुद्ध विंक म्युझिक हे ॲप, या खटल्याचा निकाल एप्रिल २०१९मध्ये लागला. विंकचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्हीही रेडिओसारखेच आहोत, कॉपीराइट कायद्याच्या ३१-ड कलमाखाली रेडिओला जसा ठरावीक दराने परवाना मिळतो तसा आम्हालाही हवा. कोर्ट म्हणालं, तसं नाही. गिऱ्हाईक पैसे देऊन गाणं कायमचं घेतं ती विक्री, आणि वर्गणी चालू असेपर्यंत फोनमध्ये ठेवतं ते भाड्याने देणं. यातलं काहीच प्रसारण नव्हे. २०२२मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठानेही निकाल तोच ठेवला. कंपन्यांच्या भांडणात ऐकणाऱ्याला काय मिळालं? आपण भाडेकरू आहोत याचा कोर्टाचा दाखला. तेही नसे थोडके. पुढे २०२४मध्ये विंक बंद करायचं ठरलं. त्याच वर्षी जानेवारीअखेर रेसो नावाचं ॲप गेलं. त्यांतल्या हार्टवाल्या याद्या, ‘पावसाळी संध्याकाळ’, ‘कांदे चिरताना’, कुठे गेल्या याची चौकशी करायला खिडकी नाही.

यात आपला देश मागास आहे असं कुणी समजू नये. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक नावाचं दुकान होतं. त्यातली गाणी कुलूपबंद. नवा संगणक घेतला की कंपनीकडून किल्ली मागवायची. २००८च्या एप्रिलमध्ये त्यांनी गिऱ्हाइकांना कळवलं, की ऑगस्टनंतर किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे पैसे देऊन घेतलेली गाणी जुन्या संगणकाबरोबर सती जाणार. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की मुदत २०११च्या अखेरपर्यंत वाढवावी लागली. ॲपलची तऱ्हा आणखी गमतीची. २००३मध्ये त्यांनी ९९ सेंटला गाणं विकायला सुरुवात केली, तेही कुलपासकट. २००९मध्ये कुलूप काढायचं ठरलं, तेव्हा आधीच घेतलेल्या गाण्यांचं कुलूप काढायला गाण्यामागे ३० सेंट मागितले. आधी कुलूप आपल्याच पैशाने लावून घ्यायचं आणि मग काढायची मजुरीही आपणच द्यायची! आणि २००९मध्येच ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं, ते पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’. हे मी रचून लिहिलं असतं तर संपादकांनी ‘फारच ओढूनताणून आणलंय’ म्हणून कापलं असतं.

आपल्याकडे एक चांगलं दुकान निघालं होतं, हे आता कुणाला आठवत नाही. २०१२च्या फेब्रुवारीत फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ काढलं. गाणं सहा रुपयांपासून, साधी एमपीथ्री फाइल, कुलूप नाही, कुठेही न्या, कशावरही वाजवा. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ते बंद. फुकटात सगळं मिळत असताना विकत कोण घेणार, हे कारण सगळे सांगतात. त्यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं असं, की सहा रुपयांच्या गाण्यासाठी कार्डाचे सोळा आकडे, मुदत, मागचे तीन आकडे, मग ओटीपी, आणि ओटीपी येईपर्यंत गाणं ऐकायची हुक्की गेलेली. यूपीआय आलं २०१६मध्ये. दुकान होतं तेव्हा सुट्टे नव्हते, सुट्टे आले तेव्हा दुकान नव्हतं. आज मी नाक्यावरच्या गाडीवरून दहा रुपयांची कोथिंबीर कोड स्कॅन करून घेते. दहा रुपयांना गाणं घ्यायचं म्हटलं तर मला महिन्याची वर्गणी, वर्षाची वर्गणी आणि कुटुंबाची वर्गणी यांतून एक निवडायला सांगतात. मला एक गाणं हवं असतं हो, कुटुंब आहे.

लोक पैसे देत नाहीत हे मला मुळातच पटत नाही. मोबाइलच्या दुकानावर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ असा फळा असायचा तो काळ आठवा. दुकानदार विचारायचा, जुनी की नवी? मराठी की हिंदी? लग्नाची टाकू का? पन्नास रुपयांत कार्ड काठोकाठ. धंदा बेकायदा, पण लोक फुकट नव्हते घेत, रोख मोजत होते. फक्त ते पैसे गाणाऱ्यापर्यंत पोचत नव्हते. शेवटी कंपन्यांच्या संघटनेलाच शहाणपण सुचलं आणि अशा दुकानांना रीतसर परवाना द्यायची योजना तिने आणली. तोवर स्वस्त डेटा आला आणि दुकानदार काचेचे स्क्रीनगार्ड लावू लागले. त्याच काळात आपण कॉलर ट्यूनला महिना तीस रुपये भरत होतो, हे विसरलात? आपलं आवडतं गाणं, पैसे आपले, आणि ऐकणार कोण? तर फोन करणारा! आपल्याला फक्त ‘किती वेळ उचलत नाहीस’ एवढंच ऐकायला मिळे. जो समाज स्वतः ऐकू न येणाऱ्या गाण्याचे महिन्याला तीस रुपये देतो त्याला चिक्कू म्हणणं अन्यायाचं आहे. त्या ट्यूना न मागता चिकटायच्याही. अखेर ग्राहकाला दोनदा विचारल्याशिवाय लावू नका, असं दूरसंचार नियामकाला सांगावं लागलं.

आणि आमच्या घरचं उदाहरण तर कुठल्याही कंपनीने फ्रेम करून लावावं असं आहे. गीतरामायण १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं वर्षाहून थोडं जास्तच झालं, छप्पन गीतं. सासूबाईंच्या माहेरी रेडिओसमोर वही घेऊन बसायचे, ते फुकट होतं. मग तबकड्या घेतल्या. तबकड्यांना चरे पडले म्हणून कॅसेटचा संच. टेप गुंडाळला गेला म्हणून सीडी. सीडी वाजवणारा डबा गेला म्हणून एमपीथ्रीची एक चकती. आता ॲप. रामाला वनवास एकदाच झाला, पैसे आम्ही पाच वेळा भरले. दर वेळी त्याच गदिमांचे शब्द आणि त्याच बाबूजींचा आवाज. कुकर बदलून देताना जुन्याचे काहीतरी धरतात. गाण्यात जुन्याचं काहीच धरत नाहीत.

सहावा भरणा करावा की नाही यावर घरात वाद झाला तेव्हा सासूबाईंनी परस्पर गाणी भरलेला मराठी ‘कारवां’ डबा मागवून टाकला. तो बाजारात पहिल्यांदा आला २०१७मध्ये, हिंदीत, पाच हजार गाणी आणि किंमत ५,९९०. गाण्याला सव्वा रुपयासुद्धा पडत नाही. इंटरनेट नाही, पासवर्ड नाही, अटी मान्य आहेत का म्हणून विचारत नाही. कान पिळला की गातो. तज्ज्ञ सांगत होते, आता यंत्र विकत घेऊन गाणी कोण ऐकणार. आणि हा डबा लाखांनी खपला. त्यातलं गाणं बाहेर काढता येत नाही आणि एखादं नको असलेलं टाळायचं तर बटण दाबत बसावं लागतं, पण सासूबाईंचा एकच मुद्दा आहे: ‘माझ्या खोलीतून उठून कुठे जात नाही ना? मग झालं.’

तर न्याय्य काय, हे ठरवायला गणपती उठल्यावर आमची बैठक बसली. पोहे होते. एक मसुदा करून कंपन्यांना पाठवायचा असं ठरलं.

‘पहिलं कलम,’ काकू म्हणाल्या, ‘माझ्यामागे ते सुनेला मिळालं पाहिजे.’

‘वारस लागत नाही काकू,’ बेळगावची आमची पीएचडीवाली मुलगी म्हणाली. ‘अटी वाचल्या मी. परवाना तुमच्यापुरता. विकताही येत नाही. अमेरिकेत एकांनी वापरलेली गाणी विकायचं दुकान काढलं होतं, कोर्टाने बंद पाडलं.’

‘मग नॉमिनी लावा,’ भाऊ म्हणाले. बँकेत बावीस वर्षं झाल्यावर माणूस जगातल्या कुठल्याही दुःखावर हाच उपाय सुचवतो. पण मला ते पटलं. आमच्या मामांच्या कॅसेटींची पेटी तिघा भावांत वाटली गेली, तेव्हा शेतीपेक्षा जास्त भांडण वसंतरावांच्या नाट्यसंगीतावरून झालं होतं. उद्या माझ्या मुलांना भांडायलासुद्धा काही उरणार नाही.

सरांचा आग्रह परताव्यावर. ‘२०२३च्या मार्चमध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफायचा करार फिसकटला, रातोरात ढीगभर गाणी गेली. वर्गणी तेवढीच! दूधवाला पाव लिटर कमी घालतो तेव्हा आपण बिलातून कापतो की नाही?’ सर बिलातून खरंच कापतात. त्यांच्याकडे तक्ता आहे.

माझ्या नवऱ्याने परदेशातल्या बँडकॅम्पचं उदाहरण दिलं. तिथे गाणं घेतलं की हव्या त्या दर्जाची फाइल मिळते, ती कुठेही ठेवा, हरवली तर पुन्हा उतरवा, आणि दुकानदार साधारण दहा-पंधरा टक्के ठेवून बाकीचे कलाकाराकडे पाठवतो. उद्या दुकान बुडालं तरी फाइल आपल्या घरात. ‘म्हणजे होऊ शकतं,’ तो म्हणाला. एवढा आशावादी तो फक्त सरकारी अनुदानाच्या बाबतीत असतो.

भाऊंना पावती हवी होती. नुसती नव्हे; गाण्याच्या दहा रुपयांतले गीतकाराला किती, संगीतकाराला किती, गाणाऱ्याला किती, कंपनीला किती, कराचे किती, असं फोडून दाखवणारी. २०१२ साली कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही असं ठरलं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते. हक्क मिळाला, पण आपल्या दहा रुपयांतलं काय पोचतं ते दिसत नाही. मुलगी म्हणाली, ‘पैशांचं राहू दे भाऊ, आधी नाव तरी लिहा म्हणावं.’ हे मात्र सगळ्यांना लागलं. रेडिओवरचे निवेदक गीत, संगीत, स्वर तिन्ही सांगायचे. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात का होईना, सगळे असायचे. ॲपमध्ये सिनेमाचं पोस्टर मोठं आणि गीतकार तीन टिंबांवर बोट दाबल्यावर, कंपनीची मर्जी असेल तर. आरत्यांखाली कलाकार म्हणून ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’. समर्थ रामदासांची वर्णी त्यात लागली असावी.

मधेच विषय भरकटला, आणि चंडीगढमध्ये तो भरकटून लग्नावरच जातो. कायद्याच्या ५२व्या कलमात सोय आहे, की खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात, लग्नाच्या वरातीत आणि त्यासोबतच्या सोहळ्यात गाणं वाजवलं तर हक्कभंग नाही. त्यावरून सरकारने २०१९मध्ये सूचना काढली की लग्नाला परवाना लागत नाही. ती सूचना इथल्याच सेक्टर १मधल्या पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०२२मध्ये रद्द केली. २०२३मध्ये सरकारने परत तशीच काढली. गोवा सरकारचं तसंच परिपत्रकही तिथल्या खंडपीठात टिकलं नाही. थोडक्यात, आठशे माणसांना, चार जनरेटर लावून, पहाटे दोनपर्यंत ऐकवलं तर निदान वाद घालता येतो. एकटीने इयरफोन लावून ऐकणाऱ्या बाईच्या बाजूने भांडायला कुणी उभं नाही.

मसुदा चांगला झाला. फाइल आपल्या घरात राहावी, किल्ली कुणाकडे मागावी लागू नये, दुकान बंद झालं तर विकलेला माल बंद होऊ नये, एकेक गाणं सुट्टं मिळावं, जुनी पावती दाखवली की सवलत, नॉमिनी, आणि गीतकाराचं नाव पोस्टरएवढं. काकूंनी शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ घालायला लावलं. खाली सह्या करताना भाऊंनी विचारलं, ‘पत्ता कुणाचा टाकायचा?’

तिथे बैठक जरा थबकली. कारण आम्हा सहा घरांत मिळून ॲपची वर्गणी एकच आहे. कुटुंबाची. त्या योजनेची अट अशी, की सगळे सदस्य एका छपराखाली राहणारे हवेत. आणि ती घेतली होती आमच्यातल्या एका रसायनशास्त्राच्या संशोधकाने, तेव्हा तो इथेच राहत होता. गेल्या वर्षी त्याला दूरच्या एका आयआयटीत नोकरी लागली आणि त्याने जाताना पत्ता बदलला. योजना चालू राहावी म्हणून आम्ही पाचही घरांनी निमूटपणे तोच पत्ता भरला. तेव्हा ऐकणाऱ्यांना न्याय मागणारं हे पत्र जाईल ते नॉलेज सिटीतून, पण कागदोपत्री आम्ही सगळे सध्या गुवाहाटीत आहोत.